आबांच्या तळव्याची जखम, घरचे कोष आणि रेशीम प्रथिनाचं ड्रेसिंग

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विट्याजवळ तुमची तुती आणि रेशीम संगोपनाचं शेड आहे. वडिलांना, म्हणजे आबांना, बऱ्याच वर्षांपासून साखर आहे. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी तळव्याला चार महिन्यांची जखम आहे. ती दुखत नाही, त्यामुळे चॉकी (लहान अळ्या) आणल्यापासून कोष उतरेपर्यंत ते शेडमध्ये उभेच असतात. रेशमाच्या प्रथिनाने जखमा भरतात असा एक व्हिडिओ तुमच्याकडे आला. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: कोष उकळलेलं पाणी किंवा कापलेल्या कोषाचं कवच जखमेवर लावलं तर चालेल का, मेडिकलमध्ये मिळणारं रेशीम प्रथिनाचं महागडं ड्रेसिंग घ्यावं का, आणि आपले कोष अशा कामाला विकता येतील का.

मी मिरजेत सर्जन आहे. ओपीडीत साखरेच्या पायांचे पेशंट भरपूर, आणि त्यांत शेतकरी जास्त. सरळ उत्तर आधी देतो. घरच्या कोषाचं काहीही जखमेवर लावू नका. विकतचं ड्रेसिंग आत्ता घेऊ नका. पुढे कदाचित मीच घ्या म्हणेन. विक्रीचं शेवटी बोलू.

पण तुमच्या लिहिण्यात मला खटकलं ते वेगळंच. ‘दुखत नाही म्हणून इतके दिवस काळजी नव्हती’ असं तुम्ही लिहिलंय. चांगल्या पायात काटा मोडला तर माणूस लंगडतो. लंगडतो म्हणून त्या जागेवर भार येत नाही, आणि भार येत नाही म्हणून ती जागा भरते. आबांचा तळवा साखरेमुळे बधिर झालेला दिसतोय. ते लंगडत नाहीत. रोज जेवढी कातडी धरते तेवढी दिवसभराच्या उभं राहण्यात चिरडून जाते. ज्या जखमेवर माणूस तासन्‌तास उभा राहू शकतो, ती जखम रेशमावाचून अडलेली नसते.

तळव्याची जखम महिनोन्‌महिने रेंगाळली की मी चार ठिकाणी शोधतो: दाब, रक्तपुरवठा, हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग आणि चढलेली साखर. बहुतेकांच्यात यातली दोन-तीन कारणं हातात हात घालूनच असतात. आबांच्यात कोणती आहेत हे फोटोवरून कुणीच सांगू शकणार नाही, मीही नाही. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना ‘तपासणीत काय निघतं त्यावर’ हे शब्द प्रत्येक वाक्याला जोडून घ्या.

आता रेशमाकडे येतो, कारण तुमचा व्हिडिओ पूर्ण थापा मारत नाही. रेशीम आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहे. टाके घालायला, छातीत किंवा पोटात घातलेली नळी कातडीला बांधायला मी आजही काळा सिल्कचा दोरा मागतो. तुतीच्या रेशमाच्या धाग्यात दोन मुख्य प्रथिनं असतात. ७० ते ८० टक्के फायब्रॉइन, हा खरा धागा. आणि त्यावरचा चिकट थर म्हणजे सेरिसिन. जुन्या काळी न धुतलेल्या रेशमाच्या टाक्यांभोवती सूज यायची, त्याचा ठपका बराचसा या चिकट थरावर ठेवला गेला. म्हणून टाक्याचं रेशीम सेरिसिन काढून, वर मेण किंवा सिलिकॉन चढवूनच येतं.

फायब्रॉइनमध्ये ग्लायसिन, ॲलनिन आणि सेरिन ही अमिनो आम्लं ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, आणि साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून घड्या घातल्यासारखे स्फटिक बनतात. मजबुती तिथून येते. हेच प्रथिन विरघळवून पातळ पडदा, जाळी किंवा स्पंजसारखं केलं, तर शरीर त्याला फारसा विरोध करत नाही. जखम ओलसर राहते, वाफ बाहेर जाऊ शकते, आणि नवीन कातडीच्या पेशींना चढायला आधार मिळतो. पुढे शरीरातली विकरं (एन्झाइम) ते हळूहळू तोडतात आणि त्याची अमिनो आम्लं होतात.

ओलसरपणाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे अजून ‘जखमेला वारं लागू दे’ म्हणणारे घरोघरी आहेत. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर कातडी उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने सरकते. जखम कोरडी पडली की पेशींना खपलीखालून वाट काढावी लागते. आणि कोरडा गॉज ओढून काढला की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल: जखमेच्या काठावर पांढुरकी-गुलाबी नवी कड आलेली असते, ती गॉजबरोबर उचकटते आणि लाल ठिपके उमटतात. आठवड्याची कमाई अर्ध्या मिनिटात गेली. फायब्रॉइनचा पडदा असा चिकटत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण हा गुण इतरही काही ड्रेसिंगांत आहे, आणि त्यांतली काही बरीच स्वस्त आहेत.

मग माणसांवरचा पुरावा काय? थायलंडमध्ये भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर झिंक सल्फाडायझिनच्या मलमात सेरिसिन मिसळून पाहिलं. २०१३ साली छापून आलेल्या त्या चाचणीत सेरिसिनवाल्या जखमा सरासरी २२ दिवसांत भरल्या, साध्या मलमाच्या सुमारे २९ दिवसांत. चीनमध्ये ७१ रुग्णांवर फायब्रॉइनच्या पडद्याची चाचणी झाली. त्वचारोपणासाठी मांडीची पातळ कातडी काढल्यावर जी जखम राहते, तिच्यावर. तिथेही नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा दीड-एक दिवस लवकर कातडी आली. आकडे लहान असले तरी काम नीट केलेलं आहे.

आता या जखमा कोणत्या होत्या ते बघा. मांडीवरची कातडी काढलेली जागा म्हणजे स्वच्छ, उथळ, भरपूर रक्तपुरवठ्याची, आणि जिच्यावर कुणी उभं राहत नाही अशी जागा. भाजलेल्या जखमेचंही बरंचसं तसंच. या जखमा भरणारच असतात. रेशमाने त्यांना थोडं लवकर पोचवलं. आबांची जखम त्या वाटेवरच नाही. तुमच्याकडे द्राक्षबागा आहेत म्हणून सांगतो, फायब्रॉइन हा मांडव आहे. वेलीच्या मुळाशी पाणी नसेल आणि खोडावर रोज कुणी पाय देत असेल, तर मांडवाची तार बदलून वेल वर चढत नाही.

तर आधी आबांच्या पायाची तपासणी. यात भारी मशीन फारसं लागत नाही. नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा तंतू असतो, वाकताना १० ग्रॅमचा दाब देणारा. आबांना डोळे मिटायला सांगून तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवायचा. कळला नाही तर संरक्षक संवेदना गेली. मग पायाच्या नाड्या. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ०.९ पेक्षा कमी म्हणजे रक्त कमी पोचतंय. साखरेच्या रुग्णांत रोहिण्या चुन्याने कडक होतात आणि हा आकडा खोटाच चांगला येतो, १.३ च्या वरसुद्धा जातो. त्यामुळे नुसता आकडा पाहून समाधान मानू नका. पायाचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या, जमल्यास अंगठ्यातला दाबही.

तिसरी तपासणी अगदी जुनी आहे. निर्जंतुक केलेली बोथट सळई जखमेतून हलकेच आत घालायची. मऊ लागत गेली तर ठीक. टोकाला टणक, खरखरीत काही लागलं तर ते हाड, आणि हाडाला संसर्ग असण्याची शक्यता बरीच वाढते. सोबत एक्स-रे काढायचा. संसर्ग ताजा असेल तर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत काही दिसत नाही, पण चार महिन्यांच्या जखमेत तो बोलतो. हाड कुजत असेल आणि वरून तुम्ही कोणतंही भारी ड्रेसिंग बांधलं, तर वरची कातडी मिटते, आतला पू तसाच राहतो, आणि दोन महिन्यांनी पाय सुजून पेशंट रात्री अडीचला दारात येतो.

जखमेच्या कडेला पिवळट, जाड घट्टा असेल. तो ब्लेडने खरवडून काढावा लागतो, कारण चपलेत खडा राहावा तसा तो स्वतःच दाब देतो. हे घरी करू नका. आणि डॉक्टरांनी केलं की घाबरू नका: घट्टा निघाल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसते. ‘डॉक्टरनं जखम वाढवली’ म्हणून नातेवाईक पेशंटला उचलून दुसरीकडे नेतात. जखम तेवढीच होती, घट्ट्याखाली झाकलेली होती.

आता दाब. माझ्या अनुभवात सगळी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते, आणि घरच्यांना सगळ्यात कमी पटतं तेही हेच. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की बधिर पाय रोगाने आपोआप झडत नाही. न जाणवणारा दाब आणि इजा पुन्हा पुन्हा होऊन तो झिजतो. भार काढला की त्याच जखमा भरतात. साखरेच्या पायाला हाच नियम. आजच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही बधिर पायाच्या अशा जखमेला पहिली पसंती गुडघ्याखालपर्यंतच्या, पेशंटला स्वतः काढता न येणाऱ्या साधनाला आहे, म्हणजे खास पद्धतीने घातलेलं प्लास्टर किंवा न काढता येणारा बूट. ‘काढता न येणारा’ हाच त्यातला औषधी भाग. काढता येणारा बूट आबा शेडच्या दाराशी काढून ठेवतील, हे तुम्हीही जाणता.

प्लास्टर सगळ्यांना चालत नाही. रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा संसर्ग जोरात असेल तर ते घालायचं नसतं, आणि घातलंच तर सुरुवातीला काही दिवसांतच उघडून पाहावं लागतं. ते जमणार नसेल तर पुढच्या भागावर भार न येणारी चप्पल, वॉकर, आणि बसून काम. जखम भरल्यानंतर एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या मऊ) रबराची चप्पल कायमची. कोल्हापुरी पायतान कडक तळाचं असतं, ते आता देव्हाऱ्याच्या भिंतीला टांगून ठेवा.

‘बॅच चालू आहे, आबा बसतील कसे’ हे मला ऐकू येतंय. शेवटच्या अवस्थेत पाला किती टाकावा लागतो आणि माणूस किती अडकतो ते मला पेशंटांकडूनच कळलंय. म्हणून मी काम सोडा म्हणत नाही, वाटून घ्या म्हणतो. फांद्या तोडून आणणं आणि रॅकवर पाला टाकणं दुसऱ्याने करायचं. कोष निवडणं, डागी आणि पोचट वेगळे काढणं आबांनी खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून करायचं. एखादी बॅच कमी अंडीपुंजांची घेतली तरी पाय कापण्याच्या खर्चापुढे तो तोटा किरकोळ आहे.

आता घरच्या कोषाबद्दल ‘नाही’ का म्हणालो ते. बॅच घेण्याआधी शेडमध्ये तुम्ही ब्लीचिंग पावडर, चुना, कुठे कुठे फॉर्मलिन मारता. अळ्यांवर जंतुनाशक पावडर धुरळता. अळी कोष विणायच्या आधी शेवटचं मूत्र टाकते, त्याचेच डाग कोषावर पडतात. मस्कार्डिन हा बुरशीचा रोग आलेल्या बॅचमध्ये बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात. हे सगळं त्या पांढऱ्याशुभ्र कवचावर आहे. दिसत नाही इतकंच. उकळल्याने काही जंतू मरतात, सगळे बीजाणू मरत नाहीत, आणि आतल्या प्युपाची घाण पाण्यात उतरते ती वेगळीच. दगडी पाला चोळून, हळद-चुना भरून आलेल्या जखमा मी पुष्कळ धुतल्यात. त्यात कोषाच्या पाण्याची भर नको.

आणि व्हिडिओतली मूळ चूक पुढे आहे. उकळत्या पाण्यात उतरतं ते सेरिसिन. ज्या फायब्रॉइनचं एवढं कौतुक चाललंय, ते साध्या पाण्यात विरघळतच नाही, धाग्यातच राहतं. ते बाहेर काढायची प्रयोगशाळेतली रूढ पद्धत अशी: कापलेली, स्वच्छ कवचं सोडियम कार्बोनेटच्या सौम्य द्रावणात अर्धा तास उकळून सेरिसिन काढायचं. ही वेळही मोजून. जास्त उकळलं तर फायब्रॉइनच्या साखळ्या तुटून माल कमजोर होतो. मग वाळवलेला धागा लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात ६० अंश सेल्सिअसला सुमारे चार तास ठेवून विरघळवायचा. मग ते लिथियम पूर्ण निघून जाईपर्यंत विशिष्ट पिशवीत भरून दोन दिवस शुद्ध पाणी बदलत राहायचं. हाती येतं ते सहा-आठ टक्क्यांचं फिकट पिवळसर द्रावण. त्याचा पडदा ओतायचा, अल्कोहोल किंवा वाफ देऊन तो न विरघळणारा करायचा, शेवटी निर्जंतुक करून जंतूंच्या विषारी अंशांची तपासणी करायची. कोष आणि ड्रेसिंग यांच्यात हे सगळं उभं आहे. पाकिटाची किंमत बरीचशी याचीच आहे.

आणखी एक बारकावा, कारण तुम्ही रेशीमवाले आहात. पेशींना पकड घ्यायला आवडणारा तीन अमिनो आम्लांचा एक क्रम असतो. तो तुमच्या तुतीच्या फायब्रॉइनमध्ये नाही. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या टसरमध्ये आहे. म्हणून संशोधक टसर, मुगा यांच्याकडे वळतात. पण टसर विरघळवणं तुतीपेक्षा अवघड, त्यामुळे बाजारातला बहुतेक माल तुतीचाच.

मग ते विकतचं ड्रेसिंग कधी घ्यायचं? दाब काढलाय, रक्त पोचतंय, हाडात काही नाही किंवा त्यावर उपचार झालेत, मेलेला भाग काढलाय, साखर आटोक्यात आहे, आणि जखमेचा तळ लाल, दाणेदार दिसतोय. एवढं झाल्यावर साध्या ओलसर ड्रेसिंगवर चार आठवडे बघायचं. दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच अंतरावरून फोटो काढा. लांबी-रुंदी वहीत लिहा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं तर जखम बहुधा भरत जाईल, आणि रेशमाचे पैसे वाचले. निम्म्यावर आलं नाही तर आधी वरची चारही कारणं परत तपासायची. तीही स्वच्छ निघाली तर मग रेशीम प्रथिन, कोलॅजन किंवा त्वचारोपण यांचा विचार. रेशमाने साखरेचा पाय भरतो असं म्हणण्याइतका मोठ्या चाचण्यांचा आधार अजून नाही; म्हणून मी ते जोडीला वापरतो, आशेने नव्हे.

घ्यायची वेळ आलीच तर पाकीट उलटं करून वाचा. उत्पादन परवान्याचा क्रमांक, निर्जंतुक केल्याचा उल्लेख आणि पद्धत, बॅच क्रमांक, मुदत, आणि कोणत्या जखमेसाठी आहे ते. परवाना नसलेली सुट्टी पावडर ‘रेशीम प्रथिन’ म्हणून कुणी देत असेल तर परत करा. त्यातली बरीच सौंदर्यप्रसाधनाची असते. संसर्ग झालेल्या, पू वाहणाऱ्या जखमेवर असा पडदा झाकून ठेवायचा नाही. सरकारी आरोग्य योजनेखाली काय बसतं हे मोठ्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. नुसतं ड्रेसिंग बसलं नाही तरी शस्त्रक्रिया बसू शकते.

मध्येच एक इशारा, हा वाचून विसरू नका. ताप, थंडी, पाय लाल होऊन लाली वर चढणं, दुर्गंधी, बोट काळं पडणं, किंवा साखर अचानक खूप वाढणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि जखम नसलेला पाय अचानक गरम, सुजलेला झाला तरी दाखवा. तिथे हाडं ढासळत असू शकतात, आणि दुखत नाही म्हणून लोक त्याच पायावर बाजार करून येतात.

राहिला विक्रीचा प्रश्न. प्रयोगशाळेतली एक नेहमीची खेप पाच ग्रॅम कवचांची असते. चांगल्या द्विवार (बायव्होल्टाइन) संकर कोषाचं कवच साधारण ०.४ ग्रॅम, म्हणजे डझनभर कोष झाले. तुमच्या शंभर अंडीपुंजांच्या बॅचला साठ-सत्तर किलो कोष येतात. मागणी आणि उत्पादन यांचं प्रमाण यावरूनच लक्षात येईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या कामातून फायब्रॉइनची हाडातली भरणी बनवणारी कंपनी उभी राहिली आहे, बेंगळुरूत रेशीम प्रथिनाची ड्रेसिंग बनतात. पण कर्नाटकातल्या रामनगरच्या कोष बाजाराला पर्याय म्हणावा एवढी ही खरेदी नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या फायद्याची: द्रावण करायला सलग धागा लागत नाही, त्यामुळे कापलेला कोषही चालतो. अशा खरेदीदाराला कोणती जात, कोणती बॅच, शेडमध्ये कोणती औषधं मारली याची लेखी नोंद लागते. ती ठेवत नसाल तर येत्या बॅचपासून सुरू करा. खर्च एका वहीचा.

आबांना या आठवड्यात कुठल्याही सर्जनकडे न्या, मिरजेलाच या असं नाही. जाताना जुने एक्स-रे, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि रोज वापरतात ती चप्पल सोबत घ्या. चपलेच्या आतला झिजलेला भाग बघूनच भार कुठे पडतो ते अर्धं कळतं. डॉप्लर आणि सळईची तपासणी झाली की काय निघालं ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.